तपकिरीबाई

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, "टिंबं देते."

लोक हसतात आणि विषय बदलतात. पण ते खरंच आहे. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या एका संगीतकाराच्या हस्तलिखितांचे फोटो माझ्या डाव्या पडद्यावर असतात आणि उजव्या पडद्यावर रिकाम्या पाच-पाच रेघा. डावीकडचं टिंब नीट बघायचं आणि उजवीकडे बसवायचं. ते कुठल्या रेघेवर आहे, त्याला शेपूट आहे का, त्याच्या डोक्यावर कमान आहे का, आणि असली तर ती शाईची आहे की पानात चिरडलेल्या माशीच्या पायाची. माशीवरून हसू नका. एका माशीपायी आमच्या क्षेत्रातल्या दोन मोठ्या प्राध्यापकांचं बोलणं बंद झालं, ते त्यातला एक जण जाईपर्यंत.

या उद्योगाला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. संगीतकारानं स्वतः काय लिहिलं, नकला करणाऱ्यांनी काय बदललं, छापणाऱ्यांनी कुठे घोळ घातला, हे सगळं निवडून वेगळं करायचं. पूर्वी त्याचे जाडजूड खंड निघायचे आणि पाठभेद मागे बारीक अक्षरात जायचे, जिथे कुणी फिरकत नसे. आता सगळं संगणकावर येतंय. स्वरावर बोट ठेवलं की मूळ पानाचा फोटो उघडतो, आणि कुठली खूण कुणाची ते रंगावरून कळतं.

संगीतकाराला ऑफिसात सगळे 'म्हातारा' म्हणतात. तो पस्तिशीतच गेला, पण त्याचा दराराच असा आहे की दुसरं काही म्हणवत नाही.

ऑफिस एका जुन्या ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर आहे. पूर्वीच्या वाचनकक्षाचे काचेनं दोन भाग केलेत. मोठ्या भागात मी आणि संगणकांची देखभाल करणारे एक पोक्त गृहस्थ, ज्यांना मी तोंडावर 'वायरवाले' म्हणते आणि ते ओ देतात. छोट्या भागात मुख्य संपादक. मुख्य संपादक म्हणजे माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. ही वशिल्यानं लागली असं कुणी म्हणायच्या आत मीच सांगून टाकते, वशिल्यानंच लागले. संगीत मी कुठे शिकले नाही. ताई पियानोचा सराव करायची तेव्हा मी पियानोखाली बसून ऐकायची, आणि पुढे तिचीच पुस्तकं चाळता चाळता ती लिपी वाचायला लागले.

ताई वाजवणारी. भाऊजींना मात्र वाजवता येत नाही, हे आमच्या घरातलं उघड गुपित. ते संगीत वाचतात, आपण वर्तमानपत्र वाचतो तसं. त्यामुळे पद्धत अशी पडली की भाऊजींनी पान सिद्ध करायचं आणि ताईनं ते वाजवून बघायचं. तिच्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही पान छापायला गेलं नाही. खंडांवर नाव मात्र एकाचंच. ताईला त्याचं काही वाटायचं नाही. निदान ती तसं म्हणायची.

तिला वाटायचं ते एकाच गोष्टीचं.

म्हाताऱ्याच्या संथ रचनांच्या पानांवर दोन शाया दिसतात, काळी आणि तपकिरी. सगळे धरून चालले होते की तपकिरी म्हणजे काळीच, विटलेली. ताई त्या पानांवरून वाजवता वाजवता एकदा मध्येच थांबली, कुठला स्वर कुठल्या बोटानं वाजवायचा ते सांगणाऱ्या आकड्यांपाशी.

"हे त्याचं नाही," ती म्हणाली. "बोटांचे आकडे बघा. चौथं बोट पाचव्यावरून टाकलंय, पुन्हा पुन्हा. हिचा अंगठा दुखतोय."

"हिचा?" भाऊजी म्हणाले. "बाई कुठून आली?"

"वाजवून बघा, म्हणजे भेटेल."

लागट बोलणं होतं. भाऊजी हसले, पण बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

ताईनं मग वर्षानुवर्षं त्या बाईचा माग काढला. नाव मिळालं नाही. पण बोटांचे आकडे आणि कमानी तर सोडाच, म्हाताऱ्यानं अर्धवट टाकलेल्या ओळीच्या ओळी त्या शाईनं पुऱ्या केलेल्या होत्या. ज्या ओळी ऐकून लोक आजवर डोळे मिटून मान हलवत आले, नेमक्या त्याच. ताई तिला तपकिरीबाई म्हणायची. "आज तपकिरीबाईंचा मूड ठीक नाही हं," असं स्वयंपाकघरात येऊन सांगायची, जशी काही ती वरच्या मजल्यावरची भाडेकरू. डिजिटल आवृत्तीत त्या सगळ्या खुणा तपकिरी रंगात दाखवायच्या आणि सुरुवातीला ताईचा लेख द्यायचा, ताईच्या नावानं, असं ठरलं. एवढ्या आयुष्यात तिच्या नावानं जगासमोर जाणारी ती एकुलती एक गोष्ट.

आणि मग ताईच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली.

ती वाचली. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि शब्द जवळजवळ सगळे गेले. उरले ते हो, नको, बघू आणि हळू. दिवसभर ती खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत बसते. उजवा हात मांडीवर उताणा, कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा. पण पद्धत मोडली नाही. संध्याकाळी मी टॅबलेटवर तयार पानं न्यायची आणि ताई डाव्या हातानं एकेक पान पुढे सरकवायची. पसंत नसेल तर सरकवायची नाही. मग आम्ही दोघी मिळून चूक शोधायचो. ती दरवेळी सापडायचीच.

आवृत्तीचं उद्घाटन जवळ आलं तसे भाऊजी गप्प गप्प झाले. एका सकाळी त्यांनी मला काचेआड बोलावलं.

"मेहुणीबाई, तपकिरी काढायचं."

"काढायचं म्हणजे?"

"सगळं काळं. एक रंग, एक कर्ता."

"आणि ताईचा लेख?"

"तपकिरीच नसेल तर लेख कशावर?" ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "हे बघ, मी उद्या जगातल्या विद्वानांसमोर उभा राहणार. अर्धं काम कुणा बाईचं म्हटल्यावर ते मलाच विचारतील, मग आयुष्यभर तुम्ही कुणाची आवृत्ती काढलीत? शिवाय पुरावा काय? एका साक्षीवर पाठ उभा राहत नाही. आणि आपली साक्षीदार..." ते थांबले. "आपली साक्षीदार आता बोलू शकत नाही."

"म्हणूनच आत्ता?"

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मी हे करणार नाही," मी म्हणाले.

"तुला कोण सांगतंय? तू टिंबं दे."

मी माझ्या जागेवर येऊन बसते तोवर त्यांनी ते केलंही. रंगांच्या रकान्यात एक बदल, आणि 'सर्वत्र' या शब्दावर बोट. माझ्या पडद्यावरच्या सगळ्या तपकिरी खुणा एका क्षणात काळ्या झाल्या. आवाज अर्थातच झाला नाही.

तरी वायरवाल्यांनी मान वर केली. "काय पडलं?" त्यांनी विचारलं.

त्या संध्याकाळी टॅबलेट भाऊजींनी स्वतः नेला. मी ताईचं पांघरूण सारखं करत होते. त्यांनी पान समोर धरलं आणि उगाचच मोठ्या आवाजात म्हणाले, "जरा नीटनेटकं केलंय. डोळ्यांना त्रास नको."

ताईनं पान सरकवलं नाही. ती नुसती बघत राहिली. मग डाव्या हातानं तिनं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, एखादं भांडं उचलावं तसा, आणि पानावर पालथा ठेवला. सगळी पाची बोटं पानावर पसरून.

"अगं, काय करतेयस?" भाऊजी म्हणाले.

"बघू," ताई म्हणाली.

भाऊजींनी टॅबलेट ओढून घेतला. ओढताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली, तेव्हा ते दचकले. "किती गार हात आहे हिचा," ते माझ्याकडे वळून म्हणाले. मी हात लावून बघितला. तो नेहमीसारखा कोमट होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका संथ रचनेत बोटाचा एक आकडा तपकिरी दिसला. मला वाटलं, एखादा चुकून राहिला असेल. दुपारपर्यंत ती ओळ तपकिरी झाली होती.

भाऊजींनी ती काळी केली. ती परत आली. येताना शेजारच्या दोन ओळी घेऊन आली.

संशय माझ्यावर येणार हे उघड होतं. त्यांनी माझा पासवर्ड बंद करायला लावला. मी रिकाम्या पडद्यांसमोर बसून पेन्सिलींना टोकं करत राहिले आणि पलीकडे तपकिरी वाढतच गेलं. शेवटी वायरवाल्यांनी आतल्या नोंदी उघडल्या, कुठला बदल कुणाच्या खात्यातून होतो ते बघायला.

"मॅडम, इकडे या जरा," ते हळूच म्हणाले.

बदल भाऊजींच्याच खात्यातून होत होते, त्यांच्याच टेबलावरून. शेवटचा बदल त्याच क्षणी चालू होता. आम्ही दोघांनी काचेपलीकडे बघितलं.

जेवणानंतर भाऊजींचा डोळा लागला होता. मान खांद्यावर पडलेली, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. डावा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता. उजवा मात्र माउसवर होता, आणि काम करत होता. घाईनं नाही. एक खूण, थांबायचं, दुसरी खूण. नजर पडद्यावर असल्यासारखं, पण नजर नव्हतीच.

"साहेब झोपेतसुद्धा काम करतात," वायरवाले म्हणाले. "आमच्या खात्यात असं एखादं माणूस पाहिजे होतं."

ते हसले नाहीत. मीही नाही. भाऊजींना उठवायला आम्हा दोघांपैकी कुणीच गेलं नाही.

मग त्यांच्या बोटांच्या टोकांना डाग दिसायला लागला. आधी वाटलं चहाचा असेल. साबणानं गेला नाही, लिंबानं गेला नाही. ऑफिसात शाईची दौतच काय, शाईचं पेनसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, त्वचेचं काहीतरी आहे, दमणूक आहे, मलम लावा. भाऊजी उजव्या हातात पातळ कापडी मोजा घालू लागले, जुनी कागदपत्रं हाताळायला वापरतात तसला. कुणी विचारलं तर म्हणायचे, "ॲलर्जी."

मी त्यांच्याकडेच राहते. घरी जेवणाच्या टेबलावर ते माझ्यासमोर बसतात आणि ताई त्यांच्या उजवीकडे. एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्यांची बोटं टेबलावर वाजायला लागली. माणसं बोटं वाजवतातच. पण मी पियानोखाली बसून मोठी झालेली बाई आहे. हे नुसतं वाजवणं नव्हतं. चौथं बोट पाचव्यावरून जात होतं, अंगठा अलगद मागे राहत होता.

भाऊजी माझ्याशी हॉलमधल्या खुर्च्यांच्या रांगांबद्दल बोलत होते. आपला हात काय करतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

ताईची मान ठेक्यात हलत होती. एका जागी बोटं अडखळली.

"नको," ताई म्हणाली.

हात थांबला. मागे गेला. तीच ओळ पुन्हा घेतली, आणि या वेळी न अडखळता पार केली.

भाऊजींचं बोलणं बंद पडलं. त्यांनी आधी ताईकडे बघितलं, मग खाली, मोज्यातल्या त्या हाताकडे. डाव्या हातानं उजवा धरून ते टेबलावरून उठले आणि आत गेले.

"ताई," मी म्हटलं, "काय चाललंय हे?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. आजारपणानंतर तिचं हसू अर्ध्याच चेहऱ्यावर येतं. ते आलं.

खरं सांगते, मला भीती वाटली. पण त्या भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, गरम गरम, आणि ते मला आवडलं.

उद्घाटनाला ताईला आणू नये असं भाऊजींचं म्हणणं होतं. गर्दी, दगदग, वगैरे. मी तिला तिचा राखाडी रेशमी पोशाख घातला, केस विंचरले आणि खुर्ची ढकलत घेऊन गेले. मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मीही कुणाला विचारलं नाही.

ग्रंथालयाचा खालचा हॉल, सकाळची वेळ, उंच खिडक्यांतून उजेड. मंचावर फळ्याएवढी काच, बोटानं चालणारी, आणि तिच्यावरचं सगळं मागच्या मोठ्या पडद्यावर दिसणार. खुर्च्या भरलेल्या. परगावचे विद्वान पहिल्या रांगेत. त्यांच्या टोकाला मी ताईची खुर्ची लावली. भाऊजींनी मंचावरून तिला बघितलं आणि हातातले कागद उगाचच पुन्हा लावून घेतले.

भाषण मात्र छान केलं त्यांनी. एक हात, एक मन, एक अखंड प्रतिभा. मग ते काचेकडे वळले. डाव्या हातानं चालवायचा प्रयत्न केला, पण माइक त्याच हातात होता. उजवा हात पुढे केला. काचेला मोजा कळेना. दोनदा, तीनदा. हॉलमध्ये कुणीतरी हसलं. वायरवाले बाजूनं पुटपुटले, "साहेब, मोजा काढावा लागेल."

त्यांनी मोजा काढला.

डाग आता मनगटापर्यंत चढला होता.

"आपण पहिली रचना उघडू," भाऊजी म्हणाले. बोटानं पहिली उघडली नाही. बोटानं संथ रचना उघडली.

"क्षमा करा," ते म्हणाले आणि मागे जायला गेले. हात मागे आला नाही.

एक आकडा तपकिरी झाला. मग कमान. मग एक अख्खी ओळ. ताईनं शोधलेल्या सगळ्या ओळी, तिनं शोधल्या त्याच क्रमानं. मोठ्या पडद्यावर ते फार सुंदर दिसत होतं. लोकांना वाटलं हे प्रात्यक्षिकच आहे. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ताईच्या खुणा संपल्या. हात थांबला नाही.

तो आता म्हाताऱ्याच्या काळ्या टिंबांवर गेला. एकेक करून तीही तपकिरी होऊ लागली. पान उलटलं. पुढचं पान. पुढचं.

भाऊजींनी माइक टाकून डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि मागे ओढलं. त्यांचे बूट घसरले. हात होता तिथेच होता.

"थांबव," ते म्हणाले. मला नाही. ते ताईकडे बघत होते.

हात मुखपृष्ठावर आला. 'मुख्य संपादक', आणि खाली त्यांचं नाव. बोट नावाच्या शेवटच्या अक्षरावर टेकलं. अक्षर गेलं. आणखी एक गेलं.

वायरवाले धावले आणि त्यांनी भिंतीतली वायर उपटली. मोठा पडदा विझला, काच विझली.

विझलेल्या काचेवर हात पुसतच राहिला. वेगानं, अधिक वेगानं, बोटांच्या टोकांतून रक्त यायला लागलं तरी.



ताईची नजर पडद्याकडे नव्हती. काचेकडेही नव्हती. ती त्या हाताकडे बघत होती, शिकवणारी माणसं बघतात तशी, मान किंचित कलती करून.

"हळू," ती म्हणाली.

आणि हात हळू झाला.

भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी पद सोडलं. प्रकृतीचं कारण दिलं, आणि ते कुणाला खोटं वाटलं नाही. नवे संपादक आले, सज्जन आहेत, त्यांनी ताईचा लेख मागून घेतला. तो आता आवृत्तीच्या सुरुवातीला आहे, तिच्या नावानं. म्हाताऱ्याची टिंबं पुन्हा काळी केली, ती काळी राहिली. तपकिरीबाईची तपकिरी आहेत. परदेशातून पत्रं येतात, वाद झडतात, म्हणजे सगळं रीतसर चाललंय. फक्त आधीच्या संपादकांचं नाव कुठे टिकत नाही. संध्याकाळी टाकलं की सकाळी जागा रिकामी. "हे नाव यंत्राला पचत नाही, मॅडम," वायरवाले म्हणतात. आता आम्ही प्रयत्न सोडलाय.

जे मिळायला हवं होतं ते ताईला मिळालं. मला वाटलं, आता तो हात शांत होईल.

मी दुपारी घरी जेवायला येते तेव्हा ताई झोपलेली असते, अगदी गाढ, लहान मुलासारखी. भाऊजी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. जागे. घरात चिटपाखरू हलत नाही, आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठतो. पोटावरून, छातीवरून, सावकाश वर येतो आणि गळ्याशी थांबतो. अंगठा एका बाजूला. बाकीची बोटं दुसऱ्या बाजूला, ताणलेली, लांबचे दोन स्वर एकदम धरायला हात ताणतात तशी. दाबत नाही. फक्त अंतर बघतो. थोड्या वेळानं उतरतो, आणि पुन्हा येतो.

पहिल्या वेळी मी धावत जाऊन तो सोडवला होता. "कुणाला सांगू नकोस," भाऊजी म्हणाले. मी सांगितलं नाही.

आता मी आत जाते, त्यांच्या पाठीमागची उशी सारखी करते, ताईच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढते. ते डोळ्यांनी माझ्या मागे मागे येतात, दारापर्यंत. मी दार लोटून घेते.

मागच्या आठवड्यात करंगळी दोन पेरांनी कमी पडत होती. काल एकाच पेरानं.